मावशींनी हलवलेला दिवा

कान्हे स्टेशनाच्या पलीकडे, इंद्रायणीच्या अंगाला एक लहानसं गाव आहे. तिथल्या एका मावशींनी मला उभं केलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माशा, पेट्या, काचा आणि एरंडेल यांचा पसारा फार आहे, आणि त्यात मावशी मागे पडतील अशी धास्ती वाटते. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, मुलखातल्याही नाहीत. त्यांनी मला ओटीवर जागा दिली, तापात पडलो तेव्हा स्वतःची घोंगडी माझ्यावर घातली, आणि त्यांना स्वतःसाठी जी एकच गोष्ट हवी होती ती माझ्यापायी हातची जाऊ दिली. मी मागितली नव्हती. मागितली असती तर पुढचा विचार तरी केला असता.

मी वेंगुर्ल्याकडचा. वडील गेले आणि इंग्रजी दुसरीत शाळा सुटली. घरी आई आणि पाठच्या बहिणी. लांबच्या एका मामांनी मला लोणावळा स्टेशनातल्या बत्तीघरात चिकटवून दिलं. सिग्नलचे दिवे उतरवायचे, काजळी पुसायची, वाती कातरायच्या, तेल भरून संध्याकाळच्या आत पुन्हा चढवायचे. काम अवघड नव्हतं, पण मला सारखी भीती वाटे. दिवा विझला तर, काच तडकली तर, मला घालवलं तर. पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की घरची वाटच बुजल्यासारखी व्हायची. मग मी स्टेशनाबाहेरच्या दुकानातून गुडदाणीचा, म्हणजे गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचा, तुकडा घेऊन फलाटाच्या टोकाला बसायचो आणि तो दाताखाली धरून उगाच घाटाकडे बघत राहायचो.

लढाईचे दिवस होते. आजारातून उठलेल्या शिपायांची छावणी आमच्या भागात पडली होती, आणि बरे होऊन आलेले हे लोक इथे पुन्हा तापाने पडू लागले. तीन दिवस अंग मोडून निघायचं, डोळे लाल व्हायचे आणि चौथ्या दिवशी माणूस चिपाडासारखा उठून बसायचा. हा ताप एका बारीक माशीपासून येतो, म्हणून ती माशी कुठे किती आहे हे बघायला पुण्याचे एक डॉक्टर आले. त्यांना रंगीत काचा हव्या होत्या. स्टेशनमास्तरांनी त्यांना बत्तीघरात पाठवलं. मी त्यांना लाल भिंग दिलं, मग हिरवं दिलं. ते म्हणाले, हे तर निळं आहे. मी कंदील पेटवून ते पुढे धरलं. पिवळ्या ज्योतीपुढे ते हिरवं झालं. डॉक्टर हसले, आणि असल्या दिव्यांची सवय असलेला माणूस आपल्याला लागेलच, येतोस का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. बत्तीघरात माझ्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा आला. तेव्हा कळलं की मागचं दार लागलं.

पेट्या तीन होत्या. पत्र्याची चौकोनी पेटी, आत कंदील. एकीला लाल काच, एकीला हिरवी, एकीला साधी. पेटीच्या भोवती एरंडेल चोपडलेले कागद टांगायचे आणि एक कागद खाली जमिनीवर पसरायचा. माशी उजेडाकडे येते आणि तेलात चिकटते. सकाळी भिंग डोळ्याला लावून, बारीक कुंचल्याने एकेक उचलायची आणि स्पिरिटच्या कुपीत सोडायची. वाळूमाशी म्हणत तिला साहेब लोक. मावळात वाळू कुठली! ती राहायची शेणामातीच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत. तिळाहून बारीक, अंगावर लव, पंख उभे धरून बसणारी, आणि उडण्यापेक्षा टुणटुण उड्याच जास्त मारणारी. चावली की ठिणगी पडल्यासारखं होई. गावात तिला वेगळं नावच नव्हतं. सगळी चिलटंच.

डॉक्टरांनी गावातल्या तीन जागा ठरवून दिल्या. देवळामागची पडकी भिंत, खळ्याजवळची गवताची गंज, आणि मावशींच्या घराची पडवी. रोज संध्याकाळी पेट्यांच्या जागा बदलायच्या, म्हणजे माशी जागेला भुलली की रंगाला हे कळेल. पडवीत मावशींचे दोन बैल बांधलेले असत आणि बैलांशेजारी बाजेवर मावशींचे मालक, आबा, झोपत. घरात जागा नव्हती असं नाही. पण बैलांचा श्वास ऐकल्याशिवाय त्यांना झोप येत नसे.

पहिल्या दिवशी मी पेटी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा मावशींनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, की जेवला आहेस का. मी नाही म्हणालो. पेटी कशासाठी ते त्यांनी मी जेवल्यावर विचारलं.

घासलेट तेव्हा मिळत नव्हतं. गावात दिवेलागणीला एक चिमणी लावायची आणि घास संपला की फुंकायची, अशी रीत पडली होती. मला मात्र छावणीतून डबा भरून यायचा आणि माझे तीन कंदील सकाळपर्यंत जळायचे. हे लोकांना दिसत होतं. मावशींच्या थोरल्या जाऊबाई शेजारीच राहत. त्या येता-जाता मला ऐकू जाईल अशा बेताने बोलत.

"आमी अंधारात भाकरी चाचपडतोय, आन् ह्यो माशांची दिवाळी करतोय."

मावशी सूप पाखडता पाखडता म्हणत, "तुज्या गोठ्यात लाव म्हनावं पेटी. तुज्या माशाबी दिवाळीला येतील."

आबांना माझ्या कामाची गंमत वाटायची. लाल काचेच्या पेटीवर माशा फारशा येत नसत, हे त्यांनी दोन-चार सकाळी नुसतं बघून हेरलं. बाजेवर बसून, तंबाखू मळत ते म्हणाले, "तांबड्या दिव्याला अख्खी गाडी थांबती, आन् ह्येवडीशी माशी थांबंना व्हय?" मग स्वतःच खोकेपर्यंत हसले. ते मला माशीमास्तर म्हणत. कोणी मला मास्तर म्हणेल असं शाळा सोडताना वाटलं नव्हतं.

भाद्रपदात मला तो ताप आला. ज्या माशीमागे होतो तीच चावली असणार. तीन दिवस मला धड काही आठवत नाही. आठवते ती घोंगडीची रखरख, गवती चहाचा वास, आणि मावशींचा आवाज. त्या आबांना सांगत होत्या की आज पेट्या तुमी लावा, पोराच्या मागं साहेब लागंल. आबांनी लावल्या. काचा कुठल्या कुठे लावल्या देव जाणे, पण लावल्या.

आश्विनात, भातं पिवळी पडत आली असताना, आबा गेले. तापाने नाही, वयाने गेले. पहाटे मावशी बैलांना वैरण टाकायला आल्या तर ते भिंतीकडे तोंड करून शांत निजले होते. हातात तंबाखूची चंची तशीच.

मी पेटी उचलून बाहेर न्यायला लागलो. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्येंलाबी सवय झालती उजेडाची."

जिथे आबांची बाज होती तिथे, गव्हाणीशेजारी, त्यांनी जमिनीवर पणती लावली. वात दक्षिणेकडे. दहाव्यापर्यंत ती तिथेच तेवत ठेवायची होती. खाडीपलीकडच्या आमच्या वाडीतही मेलेल्या माणसाच्या जागी दिवा ठेवतात, तेव्हा एवढं मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्या पणतीजवळ तांदळाचं पीठ पसरतात, ते हाताने सारखं करतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पिठात कुणाचं पाऊल उमटलं आहे ते बघतात. गाईचं, पाखराचं, मुंगीची रेघ, काही तरी. गेलेलं माणूस आता कुठल्या जन्माला गेलं हे त्यावरून कळतं. मावशींचा मुलगा खडकीच्या कारखान्यात होता, सूनही तिकडेच; तो या गोष्टींना हसायचा. मावशी मात्र त्या सकाळची वाट बघत होत्या. भात कापायला घेतलं नाही, दोन बैलांतला एक विकायचा का ते ठरवलं नाही. पिठात काय दिसतंय ते बघू, मग बघू, असं त्या सगळ्यांना सांगत. मला हे जाऊबाईंनी नंतर सांगितलं.

मला तेव्हा दुसरीच काळजी लागली होती. पणती लागल्यापासून पडवीतल्या माझ्या कागदांवर माशा कमी झाल्या. पेटीत हिरवी काच असो, साधी असो, कागद जवळजवळ कोरे. डॉक्टर त्या आठवड्यात येणार होते. मागच्या खेपेला ते म्हणून गेले होते की या गावातला हिशेब नीट लागला नाही तर काम दुसऱ्या छावणीकडे न्यायचं, आणि तिथे त्यांची माणसं आहेत, म्हणजे माझी गरज नाही. मी हे मनात इतक्या वेळा घोळवलं, की माझं जेवण कमी झालं हे मावशींच्या लक्षात आलं. घरात सुतक, आणि त्या माझ्या पानाकडे बघत होत्या.

संध्याकाळी मी पडवीत कागदांना तेल चोपडत होतो. मावशी येऊन पणतीत तेल घालायला बसल्या. पणतीच्या तेलात बारीक काळे ठिपके तरंगत होते. त्यांनी बोट बुडवून ते उजेडाकडे धरलं.

"तुजी माशी माज्या दिव्यात मरतीया. व्हय ना?"

मी म्हणालो, "दिव्याला यायचीच ती, मावशी. तुमचा दिवा काय, माझा काय."

"मंग तुज्या कागदावं कमी पडतीया."

"पडू दे. साहेब आले की काय ते बघू."

एवढंच बोललो. पण 'बघू' म्हणताना माझा आवाज कसा निघाला असेल ते मला आता ऐकू येतं. मावशींनी बोट पदराला पुसलं आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, मी गंजीजवळची आणि देवळामागची पेटी लावून पडवीत आलो, तर पणती तिथे नव्हती. मी पेटी लावली आणि तिचा हिरवा उजेड बैलांच्या पाठींवर पडला. मला वाटलं, दिवस सरले असतील, रीतीप्रमाणे काढली असेल. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. मी ओटीवर जाऊन आडवा झालो.

सकाळी कागद माशांनी भरले होते. इतक्या माशा मी त्या पडवीत आधी बघितल्या नव्हत्या. भिंग लावून मी उचलत राहिलो आणि कुप्या भरत राहिलो. खालच्या कागदावर आलो तेव्हा त्याच्या एका कोपऱ्यात तेल विस्कटलेलं दिसलं. कुणीतरी कागदावरून चालत गेलं होतं. लहान पावलं, एकापुढे एक, आणि कडेला संपलेली. माझ्या मनात आलं ते एवढंच, की इथल्या माशा पुसल्या गेल्या. असतील त्या उचलल्या. मग रोजच्यासारखे सगळे कागद चुरगाळून अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीत घातले आणि वर पाणी तापत ठेवलं. एरंडेलाचे कागद फार छान पेटतात.

तेवढ्यात आतून बायकांचा आवाज आला. स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, मावशींनी ती पणती नेऊन ठेवली होती. पीठ तिथेच पसरलं होतं, टोपली तिथेच पालथी घातली होती. आता टोपली उचलली होती आणि पीठ जसंच्या तसं होतं. नुकतं चाळून ठेवल्यासारखं.

जाऊबाई बोलत होत्या. रागाने नाही, दमल्यासारख्या. "जागा हलवल्यावं त्यो यील कुटं? आपल्या बैलापाशी यील, का तुज्या चुलीपाशी?"

जाऊबाई दारात आल्या, मला बघितलं, आणि दिवा कशासाठी आणि कुणासाठी हलवला ते मला सांगितलं. पिठाचं सांगितलं. मावशी वाट बघत होत्या ते सांगितलं.

मी अंगणातल्या चुलीकडे बघितलं. कागदांची राख वरवर अजून कागदासारखीच दिसत होती.

मावशी बाहेर आल्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, "मावशी, माझ्या कागदावर पाऊल होतं."

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. राखेकडे बघितलं आणि लगेच समजल्या. "कशाचं?"

"बारीक होतं."

"बोटं किती व्हती? तीन का पाच? का खूर व्हता?"

मला सांगता येईना. पाल असेल, उंदीर असेल, चिमणी असेल. तिळाहून बारीक माशीचा नर कुठला आणि मादी कुठली हे मी भिंगातून ओळखायचो. हातात भिंग होतं, पुढ्यात पाऊल होतं, आणि मी त्याच्या आजूबाजूच्या माशा वेचल्या होत्या.

"मी नीट बघितलं नाही, मावशी."

त्यांनी काडीने राख जरा उकरली. मग हळूच म्हणाल्या, "बरं, ऱ्हाऊ दे. कुनीकडं गेलतं ते तरी सांग. दाराकडं, का बैलाकडं?"

मी डोळे मिटून कागद आठवला. "गव्हाणीकडे."

"गव्हाणीकडं," त्या म्हणाल्या. त्यांनी उठून बैलांना वैरण टाकली. एकही बैल विकायचा नाही असं त्यांनी त्याच दिवशी मुलाला सांगितलं.

डॉक्टर आले. कुप्या बघून खूश झाले. मधल्या दिवसांच्या कुप्या रिकाम्या कशा, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पणतीचं सांगितलं, आणि ती हलवली हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"अरे, शेजारी दिवा होता एवढं मला सांगायचं. मी तसं नोंदवलं असतं. ते दिवस सोडून दिले असते. त्यात काय?"

"काम दुसरीकडे नेणार होतात ना, साहेब?"

"पणतीसाठी?" ते म्हणाले. "घरात माणूस गेलंय रे तिथं."

ते चांगले होते. मावशींकडे जाऊन नमस्कार करून आले. मला त्यांनी कायम करून घेतलं, आणि ते त्या कुप्यांमुळे नव्हे, ते तसंही घेणारच होते. म्हणजे दिवा हलवायची काही गरज नव्हती. मी एक पोस्टकार्ड टाकलं असतं, किंवा मावशींना साफ सांगितलं असतं की तुमचा दिवा तिथेच राहू दे, माझं काही अडत नाही. दोन्हींतलं काहीच केलं नाही. नुसतं 'बघू' म्हणालो. घाबरट माणसाचं असंच असतं, तो काही मागत नाही आणि समोरच्याला सगळं द्यायला लावतो.

आता मी बिहारात आहे. इथे माशी त्याच जातकुळीची, पण ताप दुसरा, फार वाईट. डॉक्टरांबरोबरच आलो. पेट्या त्याच, कागद तसेच. फक्त एक बदल मी केला आहे. खालच्या कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने एक बाण काढतो, म्हणजे कागद उचलला, फिरवला, तरी कुठली बाजू कुठे होती ते कळतं. डॉक्टरांना ही पद्धत आवडली, सगळीकडे तशी करायला सांगितली. ती कुठून आली हे त्यांना ठाऊक नाही. त्या सकाळी माशा वेचताना मी तो कागद माझ्याकडे वळवून घेतला होता. गव्हाणीकडे म्हणालो तेव्हा मला खात्री होती. आता, इथे, संध्याकाळी पेटी लावताना कधी कधी वाटतं, ती बाजू दाराचीच तर नव्हती ना? मग मी मनाशी म्हणतो की आबा दाराकडे कशाला जातील. पण मला माहीत नाही. एवढं खरं आहे की मला माहीत नाही.

निघताना मावशींच्या पाया पडलो. त्यांनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. म्हणाल्या, "रडतुयास कशाला? पाऊल आलं व्हतं का न्हाई? मंग. कुनाला दिसलं? तुलाच दिसलं." मग जरा हसून, "माज्या टायमाला तू ये. आमच्या ह्येला कारखान्यातनं काय दिसायचं न्हाई. तुला बारकं दिसतं."

मी येतो म्हणालो. जाऊबाई बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "येताना घासलेट घिऊन ये म्हंजे झालं."

मावशींच्या मुलाला मी इथला पत्ता देऊन ठेवला आहे. तार कर, असं बजावून ठेवलं आहे. इथून तिथवर यायला दिवस लागतात, म्हणून रजेचं डॉक्टरांशी आताच बोलून ठेवलं आहे. ते विचारात पडले, पण हो म्हणाले. त्या वेळी, मावशी, तुमचा दिवा गव्हाणीशेजारी, आबांच्याच जागी असेल, आणि त्या पडवीत दुसरा उजेड असणार नाही. पीठ तुमच्या सुनेने पसरलं तरी हाताने सारखं मी करीन. सकाळी टोपली उचलली की कशालाही हात लावायच्या आधी मी भिंग घेऊन खाली बसेन, बोटं मोजीन, कुणीकडे गेलं ते बघीन, आणि जाऊबाईंना, तुमच्या मुलाला, बैलांनासुद्धा, मोठ्याने सांगेन. एवढी फेड माझ्याकडून नक्की होईल. तोवर तुम्ही खुशाल राहा. मला मुळीच घाई नाही.